शेजाऱ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहता, नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलंय. शेजारचे निवृत्त गृहस्थ त्यांचं स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं, १९७० च्या सुमाराचं रिव्हॉल्व्हर विकायला काढताहेत. 'कपाटातच पडून होतं, फारसं वापरलंच नाही' असं ते म्हणतात. हातात घेतल्यावर तुम्हाला ते एकदम हलकं वाटलं आणि आवडलं. खिशात बाळगायचं, वेळ पडली तर सौ.नीही वापरायचं, असा बेत आहे. घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण तपासून घ्या, आणि 'हलकं आहे' एवढ्यावर तर मुळीच घेऊ नका. छोटं रिव्हॉल्व्हर बाळगायला सगळ्यात सोपं आणि चालवायला सगळ्यात अवघड. मी इथे हँडगन शिकवते. मोठं पिस्तूल घेऊन पहिल्याच दिवशी कागदाच्या मधोमध गोळ्या घालणारी माणसं हे छोटं हत्यार हातात आलं की सात यार्डांवरून अख्खा कागद चुकवतात. कारण सरळ आहे. हत्याराचं वजन एक पौंडाच्या आसपास आणि चाप ओढायला जोर लागतो दहा-बारा पौंडांचा. चाप मागे येईपर्यंत नळी कुठच्या कुठे गेलेली असते. वर दोन इंची नळी, पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) जेमतेम दिसते, आणि मूठ अशी की करंगळीला जागाच नाही. हे सगळं सरावाने जमतं. पण सराव होतो तो ज्याने हात दुखत नाही अशा हत्यारानेच. हलक्या रिव्हॉल्व्हरची खरी अडचण ती आहे.

आधी कायद्याचं बघू. ग्रीन कार्डधारकाला हँडगन घेता येते, त्यामुळे तुम्ही मोकळे आहात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना मात्र संघराज्याच्या कायद्याने हत्यारच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. 'रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या मारल्या तर काय होतंय' म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या दोन गोळ्यांसाठीही हाच नियम लागू आहे, आणि प्रसंग आला तर पुढचं ग्रीन कार्डसुद्धा धोक्यात येतं. मित्रांना रेंजवर नेण्याआधी त्यांचा व्हिसा विचारा.

टेक्ससमध्ये एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांनी आपसात हत्यार विकायला सरकारी तपासणीची सक्ती नाही. तरीही मी तुम्हाला व्यवहार परवानाधारक दुकानदाराच्या मार्फतच करायला सांगेन. थोडी फी जाते, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, ग्रीन कार्डवरचा ए-नंबर द्यावा लागतो, आणि पार्श्वभूमी तपासली जाते. बदल्यात व्यवहाराचा कागद राहतो. पन्नास वर्षांत हे हत्यार कुणाकुणाच्या हातून आलं हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसेल, आणि उद्या काही विचारणा झाली तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. नागरिकत्वाचा अर्ज पुढे करायचाच असेल, तर इथे काटकसर नको. आणि त्या फॉर्मवरच्या गांजाच्या प्रश्नाचं उत्तर संघराज्याच्या कायद्याने द्यायचं असतं, कॉलोराडोत काय चालतं त्यावरून नाही.

आता हत्याराकडे. शेजाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढा. सगळी घरं (काडतुसं बसतात ती भोकं) रिकामी आहेत का हे डोळ्यांनी बघा आणि बोट फिरवूनही बघा. प्रत्येक वेळी, दुसऱ्याने आत्ताच बघितलं असलं तरी. मग सिलिंडर ज्या दांड्यावर बाहेर येतो, त्याच्यामागे फ्रेमच्या खाचेत मॉडेल क्रमांक ठोकलेला असतो तो वाचा. स्मिथ अँड वेसनने क्रमांक द्यायला सुरुवात केली १९५७ साली. ३६ असेल तर ते 'चीफ्स स्पेशल', १९५० पासून चालत आलेलं, सगळं पोलादी, साधारण ५५० ग्रॅम. तुम्हाला हलकं वाटलं त्यावरून माझा अंदाज ३७ चा आहे, म्हणजे 'एअरवेट'. फ्रेम ॲल्युमिनियमची, सिलिंडर आणि नळी पोलादी, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आगेमागे. क्रमांक नसेल आणि हत्यार १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं हलकं निघालं, तर जरा थांबा. सुरुवातीच्या काही एअरवेटचं सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचं होतं. ती संग्रहासाठी ठीक आहेत, त्यातून गोळी झाडायची नाही.

नळीवर काय लिहिलंय तेही नीट वाचा. '.३८ एस अँड डब्ल्यू स्पेशल' आणि नुसतं '.३८ एस अँड डब्ल्यू' ही दोन वेगळी काडतुसं आहेत. दुसरं जुनं, आखूड आणि थोडं जाड. वेब्ली आणि एनफिल्डच्या ब्रिटिशकालीन .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये चालायचं ते हेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला पाठवलेली स्मिथ अँड वेसनची 'व्हिक्टरी' मॉडेलची रिव्हॉल्व्हरं नंतर परत आली, त्यातल्या बऱ्याच जणींची घरं खोल कोरून .३८ स्पेशलची केली गेली, नळ्या कापून दोन इंची केल्या गेल्या, आणि जत्रेसारख्या भरणाऱ्या गन शोमध्ये ती अजूनही फिरताहेत. त्यात झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, बुडाशी फुगते. असं काही दिसलं तर सौदा तिथेच सोडा.

बाहेरून दिसणाऱ्या चकाकीवर फारसं विसंबू नका. छोटी रिव्हॉल्व्हरं बहुधा पुष्कळ बाळगलेली आणि थोडीच झाडलेली असतात. त्यामुळे निळा मुलामा उडालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या, पण आतली यंत्रणा नव्यासारखी, असा माल बऱ्याचदा मिळतो आणि तो स्वस्तातही मिळतो. उलट बाहेरून आरशासारखं दिसणारं, पण कुणीतरी घरच्या घरी 'चाप हलका करायला' उघडलेलं हत्यार जास्त धोक्याचं. म्हणून आधी बाजूच्या पत्र्याचे स्क्रू बघा. त्यांच्या खाचा चिरडलेल्या, कडा उचकटलेल्या असतील, तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलेला आहे हे समजायचं.

आत हात घातलेल्या हत्यारात हमखास हरवणारा भाग म्हणजे हॅमर ब्लॉक, पोलादाची एक पातळ पट्टी. चाप सोडलेला असताना ती घोडा (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारा मागचा भाग) आणि फ्रेम यांच्यामध्ये उभी राहते, म्हणजे हत्यार पडलं तरी घोडा काडतुसावर आदळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजाच्या डेकवर पडलेल्या एका व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून खलाशी दगावला, आणि त्यानंतर कंपनीने ही पट्टी नव्याने बसवली. पुन्हा जोडताना ती बाहेर राहिली तरी रिव्हॉल्व्हर व्यवस्थित चालतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. रिकाम्या हत्याराचा घोडा सावकाश मागे ओढत घोडा आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत बघा. पट्टीचं टोक खाली सरकताना दिसलं पाहिजे.

पुढची तपासणी सिलिंडरची. विक्रेत्याची परवानगी घेऊन, रिकाम्या हत्याराने, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. अंगठ्याने घोडा अगदी हळू मागे न्या. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर 'टक्' करून जागेवर बसला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून थोडा फिरायचा राहिला, तर घर नळीच्या रेषेत नाही. गोळी तिरकी घुसते, शिसं खरवडून बाजूला उडतं. ही चाचणी पाचही घरांवर करा. चारांवर ठीक आणि एकावर नाही, असं बऱ्याचदा निघतं. ज्या मॉडेलांचा घोडा झाकलेला आहे, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनचं ६४२, तिथे चाप केसभर केसभर ओढत कान देऊन ऐकायचं. आधी सिलिंडर बसल्याचा आवाज, मग घोडा पडल्याचा.

घोडा चढवलेला असतानाच अंगठ्याने त्याला मागून पुढे बेताचा दाब द्या. तो निसटून पडता कामा नये. पडला तर चापाच्या आतल्या कडेवर कुणीतरी कानस फिरवली आहे. अशा हत्याराला माझ्या वर्गात प्रवेश नाही.

मग सिलिंडर मागेपुढे हलवून बघा. अगदी किंचित हलला तर चालतं, खडखड नको. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट मोजायला वाहनदुरुस्तीच्या दुकानात मिळतो तो फीलर गेज पुरतो. सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजा. फट ०.१ ते ०.२ मिलिमीटर असली की उत्तम, पाव मिलिमीटरच्या वर गेली की गनस्मिथला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय घेऊ नका. दोन मापांमधला फरक म्हणजे सिलिंडरची मागेपुढेची झीज. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारा, दांडा वाकलाय का बघायला सिलिंडर उघडून हळूच फिरवा, दांड्याचं टोक गोल गोल डोलत असेल तर वाकलाय. सिनेमातल्यासारखं मनगटाला हिसका देऊन सिलिंडर बंद करायची सवय असलेल्या माणसाचं रिव्हॉल्व्हर इथे ओळखू येतं, कारण सिलिंडर धरणारा दांडाही वाकून सिलिंडर नीट मिटत नाही.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र वेगळीच आहे. एअरवेट असेल तर नळी जिथे फ्रेममध्ये फिरवून बसवलेली असते, त्याच्या खालच्या बाजूला, सिलिंडर उघडून, भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमला तिथे उभी चीर जाते. ती केसाएवढी असते आणि धुळीच्या रेघेसारखी दिसते, म्हणून कापसाला थोडं तेल लावून पुसा आणि पुन्हा बघा. चीर असेल तर त्यावर उपाय नाही. वेल्डिंग, चिकटवणं, 'हलक्या काडतुसांनी चालेल', यातलं काही ऐकू नका.

आणि मुठीच्या लाकडी फळ्या उतरवून खाली बघा. ह्यूस्टनच्या दमट हवेत, घामाच्या अंगाला लागून, तिथे गंज पोखरत बसतो. ३६ पोलादी असल्याने तिला तो जास्त लागतो. वरवरचा तांबूस थर तेलाने निघतो, पण खड्डे पडले असतील तर किंमत उतरवायला लावा.

शेवटी रेंजवर न्या. शेजारी नाही म्हणाले तर मी घेतलं नसतं. पाचही घरांतून, घोडा न चढवता, नुसता चाप ओढून किमान पन्नास काडतुसं झाडा. पुंगळ्यांच्या बुडावरचे खळगे बघा. सगळे सारखे खोल आणि मध्यभागी हवेत. या छोट्या मॉडेलांमध्ये घोड्यामागे गुंडाळीची स्प्रिंग असते. चाप हलका व्हावा म्हणून ती कापलेली किंवा बदललेली असते, आणि मग काही कंपन्यांच्या कठीण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) घोडा नुसता 'टिक्' करतो. मूळ ताकदीची स्प्रिंग थोडक्या पैशांत मिळते, त्यामुळे एवढ्यावरून सौदा मोडायचं कारण नाही, पण बसवल्यावर पुन्हा पन्नास झाडायची. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी तशीच समोर ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. आवाज झाला पण फुसका, तर लगेच थांबायचं, हत्यार रिकामं करून नळीत गोळी अडकली नाही ना ते बघायचं. ही दोन्ही वाक्यं सौ.ना तोंडपाठ हवीत.

जाता जाता इतर नावांबद्दल, कारण शेजाऱ्यांचं जमलं नाही तर तुम्ही दुकानात जालच. रुगरचं एसपी१०१ पोलादी, जवळजवळ पाऊण किलोचं, गाढवासारखं टणक. जुनं घ्यायचं तर माझी पहिली पसंती तीच, खिशात मात्र ते जड वाटतं, कमरेला बरं. रुगरचं एलसीआर २००९ साली आलं, ३८० ग्रॅमच्या आसपास, आणि चाप तयार मालांत सगळ्यात गुळगुळीत. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ पासूनचं, सहा गोळ्यांचं, दिसायला देखणं, पण त्याची आतली रचना वेगळी, झीज भरून काढणारे कारागीर थोडे उरलेत आणि ते महिनोन्महिने ठेवून घेतात. ते संग्राहकांना घेऊ द्या. टॉरस आणि चार्टर आर्म्समध्ये चांगले नगही असतात, पण एक चांगला निघाला म्हणून दुसऱ्याचा भरवसा नाही, म्हणून वरच्या चाचण्या दुप्पट बारकाईने. तसंच २००१ नंतरच्या बऱ्याच स्मिथ अँड वेसनवर सिलिंडरच्या कळीच्या वर, हत्यार कुलूपबंद करायच्या चावीचं छोटं भोक असतं. त्यावर इथल्या लोकांनी जेवढा शब्दांचा धुरळा उडवलाय तेवढा तो मोलाचा मुद्दा नाही. भोक नसलेल्या जुन्या मालाला जास्त किंमत मागतात, एवढं लक्षात ठेवा.

काडतुसांचं सांगते. १९७० च्या दशकातल्या एअरवेटमध्ये जास्त दाबाची, म्हणजे '+पी' लिहिलेली काडतुसं घालू नका. कंपनीने ज्या नळ्यांवर '+पी' कोरलंय त्यांच्यासाठीच ती आहेत. तुम्हाला मी १४८ ग्रेन वजनाच्या गोळीचं वॉडकटर सुचवेन. हे मुळात नेमबाजीच्या स्पर्धेचं काडतूस. पुढून सपाट, कडा धारदार, कागदात पंच मारल्यासारखं गोल भोक पाडतं, आणि धक्का इतका सौम्य की घाबरलेली माणसंही डोळे उघडे ठेवून झाडतात. दोन इंची नळीतून पोकळ टोकाच्या गोळ्या पुष्कळदा फुलतच नाहीत, मग त्यांचा जास्तीचा धक्का कशाला सोसायचा? वॉडकटरची एकच अडचण, सपाट तोंडामुळे घाईत घरात पटकन शिरत नाही. त्यामुळे रिव्हॉल्व्हरमध्ये वॉडकटर आणि जवळच्या राखीव काडतुसांच्या पट्टीत गोल टोकाची साध्या दाबाची काडतुसं, असं मी सांगते.

हलक्या रिव्हॉल्व्हरला आणखी एक खोड आहे. धक्क्याने हत्यार मागे उडतं, आणि न झाडलेल्या काडतुसांतली गोळी जडत्वामुळे पुंगळीतून पुढे सरकते. ती घराबाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. जे काडतूस बाळगणार, त्याची पाच घाला, चार झाडा, पाचवं काढून डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस तुमच्या हत्याराला चालत नाही.

सौ.चा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुम्ही विचारलाय, त्यांनी नाही. त्यांना आधी रेंजवर पोलादी ३६ किंवा एसपी१०१ भाड्याने घेऊन वॉडकटर झाडू द्या, मग तुमचं एअरवेट द्या, आणि कोणतं आवडलं हे त्यांनाच सांगू द्या. 'बायकांसाठी छोटं आणि हलकं' हे दुकानदारांचं पालुपद आहे. हलक्या हत्याराचा धक्का सगळ्यात जास्त असतो, आणि बोटात जोर कमी असेल तर बारा पौंडांचा चाप आडवाच येतो. मला विचाराल तर .३२ चा विचार करा. .३२ एच अँड आर मॅग्नम किंवा .३२७ फेडरलच्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचऐवजी सहा गोळ्या बसतात, धक्का बराच कमी, आणि त्यात साधं .३२ लाँगही चालतं. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस तेच. सौ.च्या माहेरी कुणाकडे ते असेल तर त्यांना ओळखीचं वाटेल. वापरलेल्यांत स्मिथ अँड वेसनची ४३१ आणि ४३२ कधीमधी दिसतात, दिसली तर हातची सोडू नका.

बाळगण्याबद्दल. खिशात घालायचं तर खिशाचं होल्स्टर हवंच, आणि त्याने चापाची जागा पूर्ण झाकलेली हवी. त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, रुमालही नाही. ३६ आणि ३७ ला घोड्याचं शिंग बाहेर असतं, ते काढताना खिशाच्या काठात अडकतं. काढताना अंगठा शिंगावर ठेवून काढायची सवय लावा. शिंग कापून टाकणारे लोक आहेत, पण त्याने घोडा हलका होतो आणि जुन्या मालाची किंमतही पडते. गाडीत बसल्यावर पुढच्या खिशातून हत्यार निघत नाही, हे बसून करून बघा. ह्यूस्टनमध्ये आपण अर्धा दिवस गाडीतच असतो, म्हणून मी कमरपट्ट्याच्या आतलं होल्स्टर जास्त सुचवते. पायाच्या घोट्याला बांधायचं खूळ सोडा.

मूठ धरताना पिस्तुलासारखे दोन्ही अंगठे पुढे ताणू नका. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून तापलेला वायू बाजूला सुटतो, बोट तिथे गेलं तर भाजतं आणि चिरतंही. अंगठ्यावर अंगठा घट्ट दुमडायचा. लाकडाची मूळ मूठ तळहातात फिरते, रबरी मूठ बसवा, फक्त खिशाच्या आत अडकेल इतकी मोठी नको. घोडा चढवून झाडायचं शिकूच नका. रेंजवर कागदाला भोकं छान पडतात, पण भीतीच्या वेळी चढवलेला घोडा पुन्हा उतरवणं हे थरथरत्या हाताचं काम नव्हे. चाप एका सलग ओढीत मागे, आणि तितकाच पूर्ण पुढे सोडायचा. अर्धवट सोडून पुन्हा ओढला तर चाप आडतो किंवा एक घर न झाडताच पुढे सरकतं, आणि लोकांना वाटतं हत्यार बिघडलं.

घरी रोज पाच मिनिटं रिकाम्या हत्याराने चाप ओढण्याचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद, सिलिंडरच्या घरांत डमी, म्हणजे खोटी काडतुसं, नळीसमोर गोळी अडेल अशी भिंत. टेक्ससमधल्या जिप्समच्या भिंती गोळी अडवत नाहीत, पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट चालेल. पुढची माशी न हलता घोडा पडायला लागला की रेंजवर तीन यार्डांपासून सुरू करा. सात यार्डांवर पाचही गोळ्या लेटर आकाराच्या कागदात, घाई न करता, हे जमेपर्यंत बाळगू नका. भरणं-उतरवणंही शिका. या आखूड नळीच्या मॉडेलांचा एक्स्ट्रॅक्टरचा दांडा आखूड, पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, म्हणून नळी आकाशाकडे करून तळहाताने दांड्यावर सणसणीत थाप द्यायची. हळूच दाबलं तर पुंगळी चांदणीच्या (पुंगळ्या उचलणाऱ्या, चांदणीच्या आकाराच्या चकतीच्या) खाली अडकते. त्याच चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचले की सिलिंडर मिटत नाही. जुन्या टूथब्रशने तिथे कोरडंच घासायचं, तेल लावायचं नाही.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं. तरी परवाना काढा. शाळेपासून हजार फुटांच्या आत हत्यार नेण्याला संघराज्याच्या कायद्याची बंदी आहे आणि तिच्यातून सूट राज्याच्या परवान्यालाच मिळते. केटीत शाळा किती आणि कुठे कुठे आहेत ते नकाशात बघा म्हणजे कळेल. मंडळाचा गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर हत्यार आत न्यायचं नाही, परवाना असला तरीही. तो गंभीर गुन्हा आहे, आणि शाळा त्या दिवशी बंद होती हे कारण चालत नाही. देवळाच्या दारावर लपवलेलं हत्यार आत आणायला मनाई करणारी ३०.०६ क्रमांकाची पाटी असेल तर तिथेही नाही. एडिसनला बहिणीकडे जाताना घरीच ठेवून जा, न्यू जर्सी कुठल्याही दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही आणि तिथल्या शिक्षा जबर आहेत.

घरी छोटी तिजोरी हवी, मुलं असोत वा नसोत. उन्हाळ्यात आईबाबा पर्यटक व्हिसावर येतील, तेव्हा तिजोरीचा क्रमांक त्यांना माहीत नको. त्यांच्या हाती हत्यार पडणं कायद्याने चालत नाही, आणि नातवंडांनी 'आजी, हे उघड' म्हटलं की आजी उघडणार.

रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला नेऊ नका. एक सुटं काडतूस तळाशी राहतं, इथल्या विमानतळावर तपासणीतून सुटतं, आणि मुंबईला किंवा दिल्लीला एक्स-रेत सापडतं. तिथे ते शस्त्र कायद्याचं प्रकरण होतं. माहीत नव्हतं हे न्यायालयात पटवता येतं, अशी प्रकरणं रद्दही झालीत, पण तोवर सुट्टी आणि पासपोर्ट दोन्ही अडकतात. आत्ता जी बॅग रेंजसाठी घ्याल तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि भारतात जायच्या सूटकेसा वेगळ्या कपाटात ठेवा.